जॅकी ऑर्म्स यांची पॅटी-जो

अमेरिकेतील गोऱ्यांच्या वृत्तपत्रांतील हास्यचित्रांत कृष्णवर्णीय माणूस बहुधा जाड ओठांचा, बावळट नोकर असे. त्याला माणसाचा चेहरा दिला तो कृष्णवर्णीयांच्याच साप्ताहिकांनी. त्यांपैकी ‘पिट्सबर्ग कुरिअर’मध्ये १९३७ साली जॅकी ऑर्म्स यांची चित्रमालिका सुरू झाली. अमेरिकेतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री व्यंगचित्रकार मानल्या जातात. १९४५ ते १९५६ त्यांची ‘पॅटी-जो अँड जिंजर’ चालली. चौकट एकच. थोरली जिंजर गप्प; बोलणार ती चिमुरडी पॅटी-जो.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाने गोऱ्या बाईला पाहून शिट्टी वाजवली, असे म्हणून त्याला ठार मारण्यात आले. सर्व गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडले. ऑक्टोबरमधील चित्रात पॅटी-जो स्वयंपाकघरातून येऊन ताईकडे तक्रार करते, की नव्या पांढऱ्या किटलीने मला पाहून शिट्टी वाजवली! (तिकडे पाणी उकळले की किटली आपल्या कुकरसारखी शिट्टी देते.) खुनाचा शब्दही नाही, पण वाचकाला सारे कळले. एवढा बोचरा निषेध अग्रलेखातही क्वचितच साधतो.

सरकारच्या गुप्त पोलिसांनी ऑर्म्स यांच्यावर फाईल उघडली होती. मुलींनी मात्र पॅटी-जोला घरी नेले. १९४७ मध्येच तिची बाहुली बाजारात आली होती, मोलकरणीच्या वेषातली नव्हे, तर झोकदार कपड्यांतली.