पाठ्यपुस्तकाच्या वेषातील राज्यकारभाराची थट्टा

‘द डेली शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे तेव्हाचे सूत्रसंचालक जॉन स्ट्यूअर्ट आणि त्या कार्यक्रमाच्या लेखकांनी २००४ मध्ये, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर प्रसिद्ध केलेले ‘अमेरिका (द बुक)’ हे हातोहात खपलेले पुस्तक नागरिकशास्त्राच्या शालेय पाठ्यपुस्तकाचे विडंबन, म्हणजे मूळ साच्याची हुबेहूब नक्कल करून केलेली थट्टा आहे. काँग्रेस (अमेरिकी संसद), अध्यक्ष, न्यायसंस्था आणि प्रसारमाध्यमे यांवरील प्रकरणांना स्वाध्याय व उपक्रमांची जोड असून, प्रस्तावना थेट अमेरिकेचे दिवंगत संस्थापक नेते थॉमस जेफरसन यांच्या नावावर खपवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचे चेहरे नग्न देहांवर चिकटवून त्यांना चढवण्यासाठी झगेही छापल्यामुळे वॉलमार्टने हे पुस्तक दुकानांत ठेवण्यास नकार दिला. तरीही खपाच्या यादीत ते अग्रस्थानी पोहोचले. त्यातील उपहासाचा रोख लोकशाहीच्या तत्त्वांपेक्षा, ती राबवण्यात कुचराई करणाऱ्या संस्थांवर आहे.