कंबरेवरची रंगीत पट्टी खरंच दुखणं थांबवते का?

खेळाडूंच्या खांद्यावर, गुडघ्यावर चिकटवलेल्या निळ्या-गुलाबी पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्या जगाच्या नजरेत भरल्या. आता त्या ऑनलाइन सहज मिळतात आणि दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलेली मंडळीही त्या लावू लागली आहेत.

ही ‘किनेसिओ टेप’ १९७०च्या दशकात जपानी कायरोप्रॅक्टर केंझो कासे यांनी तयार केली. लवचिक सुती कापड आणि मागे गोंद, एवढंच. ती लावल्यावर त्वचेला बारीक सुरकुत्या पडतात, त्वचा किंचित उचलली जाते, खालचा दाब कमी होतो आणि वेदना घटते, असा दावा केला जातो.

ऐकायला पटतं. पण तपासायचं कसं? ब्राझीलमधील संशोधकांनी साधी युक्ती केली. जुनी कंबरदुखी असलेल्या १४८ जणांचे दोन गट केले. टेप सगळ्यांना लावली, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. फक्त एका गटाला ती ताणून, सुरकुत्या पडतील अशी लावली. दुसऱ्याला अजिबात न ताणता. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वेदना आणि रोजच्या कामातली अडचण, दोन्हींत गटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक नव्हता. ज्या सुरकुत्यांवर सगळा दावा उभा आहे, त्याच कामाच्या नाहीत, असा याचा अर्थ निघतो. त्याआधी २०१२ मध्ये स्पेनमधल्या ६० जणांच्या चाचणीत आठवडाभराने थोडा फायदा दिसला होता. पण तो रुग्णाला उपयोगी पडण्याइतका मोठा नसावा, असं खुद्द संशोधकांनीच नोंदवलं.

मग ‘मला तर बरं वाटलं’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. वेदना नुसती कंबरेत घडत नाही. तिचा हिशेब मज्जारज्जू आणि मेंदू करतात. दुखऱ्या जागी आपटलं की आपण नकळत ती चोळतो. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला होता. त्वचेवरची पट्टीही सतत स्पर्श देत राहते. शिवाय ‘कंबरेला आधार आहे’ या विश्वासानेही वेदना कमी जाणवते. मात्र हे दोन्ही न ताणलेल्या पट्टीनेही होऊ शकतं!

म्हणून पट्टी लावून चालायला, व्यायामाला धीर येत असेल तर हरकत नाही. पण पट्टी लावून पुन्हा आठ तास खुर्चीतच बसणार असाल, तर पैसे वाया. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली आहे आणि कंबरपट्ट्यासारखे आधार नेहमीच्या उपचारात नकोत, असं म्हटलं आहे.

पट्टीखाली खाज किंवा पुरळ आलं तर ती लगेच काढा. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर पट्टीच्या नादी न लागता तातडीने डॉक्टर गाठा.