पडद्यामागे – भाग 9 : जीभ अँकरची, संमती कोणाची?

मागच्या आठवड्यात टीआरपीचा हिशेब मांडला, त्यावर हिंगणघाटच्या एका वाचकाने लिहिलं, "ते सगळं ठीक आहे भाऊ, पण टीव्हीवर उभं राहून कोणाच्या रंगावर, नाकाडोळ्यांवर, जातीवर बोलणाऱ्या अँकरला घरी बसवायचं की नाही, तेवढं सरळ सांगा."

सरळ सांगतो. थेट प्रक्षेपणात, समजून उमजून आणि एकदा समज दिल्यावरही पुन्हा तेच बोलणाऱ्याला घरी बसवलं पाहिजे. त्यात घासाघीस नको. अडचण एवढीच की आपल्याकडे गाजलेली प्रकरणं काढून बघितली, तर त्यातलं फारसं काही थेट नव्हतंच. ते आधी चित्रित झालं होतं, तपासलं गेलं होतं आणि मग आपल्या घरात आलं होतं. म्हणून या भागात अँकरपेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांबद्दल जास्त बोलणार आहे.

नोव्हेंबर 2021. कलर्स वाहिनीवरच्या 'डान्स दीवाने'च्या तिसऱ्या पर्वातली एक चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली. कार्यक्रम मुंबईचा, परीक्षकांत आपली माधुरी दीक्षित. सूत्रसंचालक राघव जुयाल आसामहून आलेल्या एका लहान मुलीला मंचावर बोलावतो आणि तिची ओळख करून देताना 'मोमो', 'चाउमीन' असे शब्द पेरत खोटी खोटी चिनी बोलतो. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी जाहीर निषेध केला. जुयालने खुलासा केला तो असा: आपल्याला चिनी बोलता येतं असं त्या मुलीनेच गमतीने सांगितलं होतं, तो धागा धरून हा खेळ चालला होता आणि फिरलेला तुकडा अर्धवट आहे. सिक्कीममध्ये आपलं कुटुंब आहे आणि नागालँडमध्ये मित्र आहेत, हेही त्याने सांगितलं.

खुलासा खरा धरू. तरी प्रश्न उरतो. लहान लेकरू गमतीने काहीही बोलेल, मोठ्यांनी त्याचं काय करायचं? गुवाहाटीची किंवा दिब्रुगडची मुलगी भारतीय आहे, नाचायला आली आहे. तिच्या चेहऱ्यावरून चीन आठवणं हा त्या मुलीचा विनोद नव्हे. दिल्लीत, बंगळुरूत, पुण्यात तिच्याच भागातली पोरं रोज ऐकतात तेच हे. कोरोनाच्या सुरुवातीला, मार्च 2020 मध्ये, ईशान्येकडच्या लोकांना विषाणूशी जोडून छळू नका, असं पत्र केंद्रीय गृह मंत्रालयाला सगळ्या राज्यांना पाठवावं लागलं होतं. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

वर्धेकरांना ही गोष्ट अंमळ जास्तच लागायला हवी. 1936 साली राष्ट्रभाषा प्रचार समिती आपल्या गावात उभी राहिली. तिच्या परीक्षा आसाम-मणिपूरपर्यंत दिल्या गेल्या. इथून गेलेली हिंदी त्या मुलांनी पदरच्या वेळेत शिकून घेतली, कारण देशाशी बोलायचं होतं. त्याच हिंदीत त्यांच्या लेकीचं स्वागत मोमो म्हणून झालं.

आता पडद्यामागे जाऊ. असा एपिसोड कसा बनतो? स्पर्धकाची माहिती आधी रिसर्चवाले गोळा करतात, त्यात छंद, घरची परिस्थिती, रडवणारं काय, हसवणारं काय, सगळं. लेखक त्यावरून संहिता लिहितो. क्रिएटिव्ह टीम त्यातलं 'चालेल' ते ठरवते. अँकर ते बोलतो, कधी लिहिलेलं, कधी त्यात स्वतःची भर घालून. कॅमेरे पाच-सात असतात, त्यातला एखादा कायम परीक्षकांच्या तोंडावर लावलेला. मग एडिटिंग. इथे थोडं थांबा, कारण खरी करामत इथे होते. काचेच्या खोलीत एडिटर ते वाक्य पुन्हा पुन्हा वाजवून बघतो. वाक्यानंतर हशा पुरेसा आला नसेल तर दुसरीकडचा हशा आणून चिकटवतो. परीक्षक हसतानाचा रिॲक्शन शॉट लावतो, मागे 'टुंग' असा आवाज टाकतो, कधी पडद्यावर एखादं चित्र उगवतं. मग कार्यकारी निर्माता बघतो. मग वाहिनीचे लोक बघतात. मोठ्या वाहिन्यांत त्यासाठी 'स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस' नावाचा स्वतंत्र विभाग असतो. त्याचं कामच हे, की दाखवू नये ते कापणं. शिवी असेल तर तो 'बीप' लावतो, दारूचा ग्लास असेल तर धूसर करतो. मोमोवर बीप लागला नाही. म्हणजे तो त्या खोलीत कोणालाच खटकला नाही, किंवा खटकूनही कोणी बोललं नाही.

मग एकट्या अँकरला काढलं तर काय होईल? वाहिनी टाळ्या घेईल, बाकीचे सगळे त्याच खुर्च्यांवर राहतील आणि नव्या अँकरच्या हातात तीच संहिता देतील.

आणखी एक प्रसंग. सप्टेंबर 2016. 'पार्च्ड' चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी तनिष्ठा चॅटर्जी, राधिका आपटे आणि दिग्दर्शिका लीना यादव 'कॉमेडी नाइट्स बचाओ'मध्ये गेल्या. पाहुण्याची यथेच्छ टर उडवायची, असाच तो कार्यक्रम. तनिष्ठाला वाटलं, अभिनयावर, चित्रपटांवर बोलतील. निघालं काय, तर सावळा रंग. लहानपणापासून जांभळं किती खाल्लीस, या धर्तीचं. ती मध्येच उठून निघाली आणि दुसऱ्या दिवशी तिने फेसबुकवर सविस्तर लिहिलं. त्या लेखात तिने बोट ठेवलं ते रंगाच्या मागे लपलेल्या जातीवर: आडनाव तर ब्राह्मणाचं, मग रंग असा कसा, असं तिला पूर्वी विचारलं गेलं होतं. काळा म्हणजे खालचा, हे गणित विनोदात गृहीतच धरलेलं असतं. वाहिनीने माफी मागितली. नोकरी कोणाची गेली नाही.

आपल्या मराठी वाहिन्यांनी यावर नाक मुरडू नये. स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' ही मालिका 2019 पासून चांगली चालली, विषय सावळ्या मुलीला मिळणारी वागणूक. स्तुत्यच. पण ती सावळी मुलगी साकारायला गोऱ्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर मेकअपचे थर चढवले गेले. सावळ्या मुलीची गोष्ट चालते, सावळी मुलगी चालत नाही!

हे पडद्यावरच राहिलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी पाहिलंय. लावणीसाठी मुलगी मंचावर आली, रंगाने चांगलीच सावळी. सूत्रसंचालक पोरगा माइकवर म्हणाला, "लाइट वाढवा हो, ताई दिसून नाही राहिल्या!" मांडवभर हशा. पोरीने मान खाली घातली, मग गाणं सुरू झालं आणि ती नाचली, छान नाचली. नंतर त्या पोराला बाजूला घेतलं तर तो खरोखरच गोंधळला. "सर, टीव्हीवर तर याच्याहून भारी बोलतात." वाईट पोरगा नव्हता. त्याचं शिक्षण कुठे झालं ते मात्र कळलं.

वाहिन्या कोणाला काढतच नाहीत, असं समजू नका. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर नवज्योतसिंग सिद्धू यांनी पाकिस्तानबद्दल एक विधान केलं. कार्यक्रमाबाहेर केलं, पण 'द कपिल शर्मा शो'वर बहिष्काराची हाक उठली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या खुर्चीवर अर्चना पूरणसिंग दिसू लागल्या. जानेवारी 2022 मध्ये किरण माने यांना 'मुलगी झाली हो' मालिकेतून दूर केलं गेलं. राजकीय लिखाणामुळे काढलं, असं मानेंचं म्हणणं. सेटवरच्या वर्तनामुळे काढलं, असं निर्मात्यांचं. त्या वादात इथे शिरत नाही. सांगायचं एवढंच की काढायचं ठरलं तर काढता येतं, रातोरात. रंग, वंश, जात यांवरच्या बोलण्यावर ती घाई कधी दिसत नाही, कारण तिथे दुखावलेल्याचा आवाज जाहिरातदारापर्यंत पोहोचत नाही.

परदेशात पोहोचतो का? न्यूझीलंडचं उदाहरण बघा, त्याचा संबंध आपल्याशी आहे. ऑक्टोबर 2010, दिल्लीतल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे दिवस. न्यूझीलंडच्या सरकारी वाहिनीचा सकाळचा निवेदक पॉल हेन्री दिल्लीच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांच्या आडनावावरून हसत सुटला. मग पंतप्रधान जॉन की यांची मुलाखत घेताना त्याने विचारलं की पुढचा गव्हर्नर जनरल तरी न्यूझीलंडवाल्यासारखा दिसणारा निवडणार का. तेव्हाचे गव्हर्नर जनरल होते आनंद सत्यानंद, आईवडील फिजीतल्या भारतीय वंशाचे, स्वतः जन्मले ऑकलंडमध्ये. भारताने न्यूझीलंडच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला. हेन्रीला आधी निलंबित केलं गेलं, मग त्याने राजीनामा दिला. गंमत बघा: सुरुवातीला वाहिनीच्या प्रवक्तीने त्याची पाठराखणच केली होती. लोक मनातल्या मनात जे म्हणतात ते पॉल उघड म्हणतो, असा तिचा सूर. दीक्षित यांच्या नावाची ती चित्रफीतही वाहिनीने हौसेने संकेतस्थळावर टाकली होती. गेला एकटा हेन्री, आणि पुढल्याच वर्षी तो प्रतिस्पर्धी कंपनीत पुन्हा माइकसमोर बसला.

ब्रिटनने 2007 मध्ये वेगळी वाट धरली, ती मला जास्त पटते. 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीला जेड गुडी आणि इतर स्पर्धकांनी दिलेली वागणूक जगभर गाजली. ऑफकॉम या नियामकाकडे सुमारे 45 हजार तक्रारी गेल्या, प्रायोजक कंपनीने हात काढून घेतला. ऑफकॉमने ठपका ठेवला तो जेडवर नव्हे, चॅनल फोरवर. संपादकीय निर्णय गंभीरपणे चुकले, असं म्हटलं आणि तो निकाल 'बिग ब्रदर'च्या पुढच्या पर्वात, कार्यक्रम सुरू होण्याआधी, तीन वेळा वाचून दाखवायला लावला. प्रेक्षक बसलेला असतानाच चुकीची कबुली. पहाटे तीनला सरकवलेली पट्टी नव्हे. पुढे 2008 मध्ये त्याच जेडला आपल्या लोणावळ्याच्या 'बिग बॉस'च्या घरात आणलं गेलं आणि कार्यक्रमाची सूत्रं होती शिल्पा शेट्टीकडे. टीव्ही काहीच वाया जाऊ देत नाही.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम 1994 सालचे. त्यातल्या कार्यक्रम संहितेत वांशिक, भाषिक, प्रादेशिक गटांचं तुच्छतेने, उपहासाने चित्रण करायला स्पष्ट मनाई आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत जातीवरून अपमान केला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याखाली टीव्हीवरच्या कलाकारांवर गुन्हेही नोंदले गेले आहेत. पण चेहऱ्याच्या ठेवणीवरून, रंगावरून हिणवण्यासाठी वेगळा कायदा नाही. दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर 2014 मध्ये बेझबरुआ समितीने त्यासाठी कायद्यात नवी कलमं सुचवली होती. ती कलमं आली नाहीत. बातम्यांच्या वाहिन्यांचं पाहावं, तर जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एम. जोसेफ यांनीच विचारलं होतं की विद्वेष पसरवणाऱ्या अँकरना पडद्यावरून दूर का करू नये. वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेचा दंड तेव्हा जास्तीत जास्त एक लाख रुपये होता. संध्याकाळच्या जाहिरातींच्या एका ब्रेकमध्ये तो वसूल होत असावा.

यावर ठरलेला आक्षेप येतोच: मग विनोदच करायचा नाही का? करा की. विनोदी अभिनेते भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीवर अख्खा महाराष्ट्र हसला, आपणही हसलो, आणि आपली बोली मुंबईच्या मंचावर गेली याचा आनंदच झाला. ते अमरावतीकडचे, बोली त्यांची, टोमणाही त्यांचा आणि समोरच्याला गार करणारा. मालिकेत मात्र वॉचमन किंवा बावळट नोकर हवा असला की त्याच्या तोंडी वऱ्हाडी घालतात, तेव्हा आपलं हसू जरा अडखळतं. हसणाऱ्याला उलट उत्तर देण्याची सोय समोरच्याकडे आहे का, हे मी बघतो. गणेशपुऱ्यांकडे ती पुरेपूर असते. आसामच्या त्या लेकराकडे नव्हती. तनिष्ठाकडे होती, तरी तिला नाराजी दाखवायला उठून जावं लागलं.

तेव्हा हिंगणघाटच्या वाचकाला माझं पूर्ण उत्तर असं. थेट कार्यक्रमातला, वारंवार बोलणारा अँकर गेला पाहिजे. चित्रित कार्यक्रमात पहिला जाब निर्मात्याला आणि वाहिनीच्या तपासणी विभागाला विचारावा. माफी त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला, अँकरच्या आणि निर्मात्याच्या तोंडून यावी. पुन्हा घडलं तर दोघांनीही जावं, आधी निर्मात्याने.

आणि हे आपोआप होणार नाही. जून 2021 पासूनच्या नियमांप्रमाणे तक्रार आधी थेट वाहिनीकडे करायची. वाहिनीने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत स्वनियामक संस्थेकडे अपील, आणि त्यावर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा. स्थानिक केबलवरच्या कार्यक्रमाबद्दल असेल तर जिल्हाधिकारी हे कायद्याने प्राधिकृत अधिकारी आहेत, अर्ज तिथे देता येतो. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य लिहून ठेवा. मराठीत लिहा, चालतं. पुढच्या भागात बघू बातम्यांच्या चर्चेत रोज तेच पाच-सहा चेहरे कुठून येतात. तोवर कोणी वाहिनीला तक्रार पाठवली आणि 15 दिवसांत उत्तर आलं, किंवा आलं नाही, तर मला जरूर कळवा.