नट गेला, भूमिका उरली

चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, लेखकाचा ग्रंथ कपाटात राहतो; नटाची कला मात्र पडदा पडताच संपते. चलच्चित्राचा शोध लागण्यापूर्वी तर प्रेक्षकांच्या स्मृतीखेरीज तिला फारसा आसराच नव्हता. अशा काळात एका नटाची भूमिका कागदावर टिकून राहिली, ती फ्रेंच चित्रकार एद्वार माने यांच्या ‘शोकान्त भूमिकेतील नट’ या अम्लरेखनामुळे.

चित्रातील नट आहेत फिलिबेर रुव्हिएर. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे. पुढे ते रंगभूमीकडे वळले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे फ्रेंच रूपांतर १८४७ मध्ये पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. पित्याच्या खुनाने आणि चुलत्याच्या कपटाने पोळलेल्या राजपुत्राची त्यातील भूमिका हीच रुव्हिएर यांची ओळख ठरली. कवी बोदलेअर त्यांचे चाहते होते.

१८६५ मध्ये माने स्पेनला गेले. तेथे व्हेलाझ्केझ यांनी रंगविलेले राजदरबारातील एका विदूषकाचे चित्र त्यांनी पाहिले. त्या आकृतीमागे ना भिंत, ना सामान. केवळ मोकळी हवा. हीच रीत त्यांनी रुव्हिएर यांच्या तैलचित्रात योजिली. काळा पोशाख, पायाशी पडलेली तलवार आणि सभोवार रिकामी जागा, एवढ्यावरच त्यांनी हॅम्लेटचे एकाकीपण उभे केले. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रुव्हिएर निवर्तले. मग मित्रांना समोर उभे करून माने यांनी हातापायांचे रेखाटन पुरे केले. १८६६ च्या सरकारी कलाप्रदर्शनासाठी पाठविलेले हे चित्र परीक्षकांनी नाकारले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

याच विषयावर माने यांनी अम्लरेखनही केले. या पद्धतीत धातूच्या, बहुधा तांब्याच्या, पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप देतात. त्यावर सुईने रेघा ओढल्या की तेवढाच धातू उघडा पडतो. पत्रा अम्लात बुडविला असता उघड्या रेघा खोदल्या जातात. जितका वेळ अधिक, तितकी रेघ खोल व गडद. नंतर लेप काढून पत्र्याला शाई लावतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. रेघांत उरलेली शाई कागदावर उमटते, मात्र चित्र उलटे येते. तैलचित्र एकच असते. पत्र्यावरून अनेक प्रती निघतात. एक प्रत नष्ट झाली तरी दुसरी उरते.

महाराष्ट्रालाही हॅम्लेट परका नाही. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात असताना या नाटकाचे मराठी रूपांतर केले. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी त्यातील नायकाची भूमिका गाजविली. १९२२ मध्ये गणपतराव गेले आणि त्यांचा आवाज, त्यांची नजर त्यांच्याबरोबरच गेली.

गावोगावच्या दशावतारात, तमाशात, भारुडात आजही असे कलावंत उभे राहतात. त्यांचे छायाचित्र, भूमिकेचे नाव आणि वर्ष एवढी नोंद शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहिली, तरी पुढच्या पिढीच्या हाती काही उरेल. त्यासाठी तांब्याचा पत्रा नको. वेळीच घेतलेली दखल पुरे.