पालकांची भीती आणि लहान मूल

आमच्या बालरोग विभागात लसीकरणाच्या दिवशी लसीच्या प्रश्नांबरोबरच एक वेगळा प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘मला कुत्र्याची फार भीती वाटते. ती बाळात तर उतरणार नाही ना?’ कुणाला अंधाराचे भय असते, कुणाला पालीचे, कुणाला आजारपणाचे. विचारणाऱ्या बहुधा माता असतात. (भीती पित्यांनाही वाटते, विचारण्याचा संकोच मात्र त्यांना अधिक!) या प्रश्नामागील अपराधीपणा आम्हांला भीतीपेक्षाही जड वाटतो.

वर्षभराचे मूल अनोळखी वस्तू दिसली की प्रथम तिच्याकडे आणि लगेच आईच्या चेहऱ्याकडे पाहते. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा महिन्यांच्या बालकांना जाड काचेवर ठेवले होते. काचेखाली एके ठिकाणी जमीन खोल गेल्याचा भास होई. पलीकडे उभ्या आईचा चेहरा हसरा असता १९ पैकी १४ बालके रांगत पार गेली; चेहऱ्यावर भय असता १७ पैकी एकही गेले नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना सव्वा ते दीड वर्षाच्या व त्याहून थोड्या मोठ्या मुलांत असेच आढळले. आईने रबरी सापाकडे भीतीने पाहिले, तर दहा मिनिटांनंतर तिचा चेहरा शांत असतानाही मुले तो साप टाळत.

पहिल्या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. काचेखाली खोली नसे तेव्हा बहुतेक मुले आईकडे पाहतच नसत. ज्यांनी पाहिले, त्यांतील बहुतेक तिचे भय दिसूनही, थोडी घुटमळून, पार गेली. मूल संशयात असते तेव्हाच आपला चेहरा वाचते; आपले प्रत्येक दचकणे ते साठवून ठेवत नाही. भित्र्या स्वभावाचा काही अंश आनुवंशिक असतो हे खरे, परंतु काही अंश घरातील वागण्यातूनही येतो आणि वागणे बदलता येते.

यावर चेहरा कोरा ठेवण्याचा उपाय काही पालक योजतात. तो आम्ही सुचवीत नाही. आईचा निर्विकार चेहरा पाहून तान्ही मुले किती अस्वस्थ होतात, हे एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिले. त्यापेक्षा ‘आईला कुत्र्याची थोडी भीती वाटते, आपण जरा लांबून पाहू या’ असे म्हणून मुलासह तेथे क्षणभर थांबावे. भीती वाटूनही माणूस उभा राहू शकतो, हे मूल त्यातून पाहते. घरात आजोबा किंवा मावशी कुत्र्याला निर्धास्तपणे गोंजारत असतील, तर ते काम आनंदाने त्यांच्याकडे सोपवावे. मुलाने वाचायचा चेहरा एकट्या आईचाच असला पाहिजे असे नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ या धाकाची किंमत आमच्या परिचारिका रोज मोजतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मुलाला पुन्हा लसी घ्यावयाच्या असतात. त्या वेळी ‘थोडे दुखेल, मग थांबेल’ एवढे खरे सांगून त्याला मांडीवर घेणे पुरते.

पालकाची स्वतःची झोप उडाली असेल, मुलाचा श्वास पाहण्यासाठी रात्री अनेकदा उठावे लागत असेल किंवा भीतीपोटी मुलाला बागेत नेणेही बंद झाले असेल, तर उपचार प्रथम पालकाला हवा. अमेरिकेत १३६ कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात (२०१५) चिंताविकार असलेल्या पालकांना मुलांसह प्रशिक्षण दिले गेले. वर्षभरात त्या मुलांपैकी ५ टक्क्यांना चिंताविकार जडला. केवळ माहितीपत्रक मिळालेल्या गटात ३१ टक्क्यांना. ती मुले सहा ते तेरा वर्षांची होती, तान्ही नव्हेत. तरीही पालकाच्या उपचारावरील खर्च मुलाच्याच आरोग्यावरील खर्च ठरतो, असे आम्ही मानतो. म्हणूनच समुपदेशनासाठी आलेल्या देणग्यांचा विनियोग आम्ही बालरुग्णांच्या पालकांसाठीही करतो. रुग्णालयापर्यंत येणे शक्य नसल्यास शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, तेही मराठीतून.