डिजिटल सुगम्यता : कायद्याने दिलेला हक्क

ऑनलाइन केवायसी करताना मोबाइल सांगतो, ‘कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकवा.’ समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची ही पडताळणी. पण अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या कित्येकांना पापणी हलवता येत नाही, तर अंध व्यक्तीला कॅमेऱ्याची चौकट साधता येत नाही. अशांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी सर्वांना करता यावी, म्हणून न्यायालयाने २० निर्देशही दिले.

या हक्काला आधार आहे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा. अपंगत्वाचे २१ प्रकार मानणारा हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सुगम्यतेचे बंधन त्याने सरकारी कचेऱ्यांप्रमाणे खासगी सेवा देणाऱ्यांवरही घातले. पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख. संकेतस्थळ आणि अ‍ॅप कसे असावे, हे ‘आयएस १७८०२’ या भारतीय मानकात सांगितले आहे. २०२३ मध्ये ते नियमांत आले.

या मानकाची करामत बारीकसारीक गोष्टींत आहे. अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही. पानामागचा कोड वाचून बोलतो. ‘पैसे भरा’ या बटणाला कोडमध्ये नाव दिले नसेल, तर कानावर नुसतेच ‘बटण’ पडते. मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि वाक्याचा अर्थ हरवतो. युनिकोड वापरले आणि पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवले, तर तेच पान मराठीत बोलू लागते. मंद नजरेसाठी साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ हवा, माऊसशिवाय कीबोर्डवर सारे व्यवहार व्हायला हवेत आणि व्हिडिओला कॅप्शन हवे.

यातले बहुतेक काम आराखड्यातच केले, तर सोपे जाते. अ‍ॅप तयार झाल्यावर ठिगळे लावणे महाग पडते. म्हणून व्यावसायिकांनी चाचणीच्या पहिल्या फेरीपासून दिव्यांग ग्राहकांना सोबत घ्यावे. पिन किंवा ओटीपी दुसऱ्या कोणालाही न सांगता अंध ग्राहकाला आपला व्यवहार आपणच पुरा करता आला, तरच कायदा पाळला असे म्हणता येईल.