कापला म्हणता, पण फोटो गेला कुठे?

दुर्गोत्सव आला की यवतमाळात दत्त चौकापासून गल्लीबोळापर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. मग कॉलेजचं गॅदरिंग. गोल चौकटीत चेहरे बसवायचं काम ग्रुपमधल्या एखाद्या ‘कोरलवाल्या’ दोस्ताच्या गळ्यात पडतं. ग्रुप फोटोतला एक चेहरा ठेवायचा, बाकीचे उडवायचे. दोन मिनिटांचं काम! पण बाकीचे खरंच उडाले का?

नाही. कोरलड्रॉ, इंकस्केप ही व्हेक्टर सॉफ्टवेअर. त्यांच्यासाठी फोटो म्हणजे पानावर ठेवलेली एक अखंड वस्तू. कोरलमधलं पॉवरक्लिप असो की फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमधलं क्लिप, फोटोला कात्री लागतच नाही. इंकस्केपमध्ये फोटोवर वर्तुळ काढा, दोन्ही सिलेक्ट करा, ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप सेट करा. वर्तुळाची खिडकी होते. खिडकीबाहेरचं दिसत नाही, एवढंच. ‘रिलीज’ केलं की अख्खा फोटो परत हजर!

याचा फायदाही आहे. “भाऊ, चेहरा जरा डावीकडं घे” असं कोणी ऐनवेळी म्हटलं, तरी पुन्हा पहिल्यापासून कापायची गरज नाही. पण फ्लेक्सवाला मागतो ‘ओपन फाइल’. तिच्यासोबत बाजूला उभी असलेली मैत्रीण, मागची घराची पाटी, टेबलावरचं आधार कार्ड, सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर पोचतं. वर फाइल जड होते ती वेगळीच.

उपाय सोपा आहे. कोरलमध्ये पॉवरक्लिप सिलेक्ट करून ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’ करा. इंकस्केपमध्ये एडिट मेनूतून ‘मेक अ बिटमॅप कॉपी’ घ्या. त्याआधी प्रेफरन्सेसमध्ये कॉपीचं रिझोल्युशन वाढवा, नाहीतर छपाईत चेहरा फाटेल. आणि मूळ फोटो खालीच राहतो, तो आठवणीनं डिलीट करा. नुसतं दाखवायचंच असेल तर पीएनजी पाठवा; त्यात दिसतं तेवढंच जातं. पीडीएफवर मात्र भरवसा नको, तिच्यात अख्खा फोटो दडलेला असू शकतो.

मोबाइलवाल्यांनीही हसू नये. गूगलच्या पिक्सेल फोनवर क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटमधला उडवलेला भाग काही प्रमाणात परत मिळवता येतो, हे मार्च २०२३ मध्ये उघड झालं होतं.

तेव्हा फाइल पाठवण्याआधी एकदा ‘रिलीज’ करून बघा. फोटोत जो परत दिसेल, त्याला विचारलं होतं का?